जोयड्याचे खाचर आणि यंत्राची पाळी

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या नकाशावर हल्याळ आणि जोयडा हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. भाषा, नातीगोती, बाजारहाट यांचे दोहोंत नित्य दळणवळण असते. विधानसभेचा मतदारसंघही दोहोंचा एकच. तथापि शेतीकडे पाहिले तर हे दोन निरनिराळे देश वाटावेत. हल्याळच्या पूर्वभागातील सपाट रानात ट्रॅक्टरने जमीन तयार होते, भात पाभरीने पेरले जाते, मका आणि ऊस यांचे मोठाले पट्टे दिसतात, आणि सुगीच्या दिवसांत तमिळनाडू आदी प्रांतांतून भाड्याने येणारी कापणी-मळणीची यंत्रे एका दिवसात शिवार मोकळे करून जातात. पश्चिमेस जोयड्यात शिरावे, तो रस्त्याच्या दोन्ही अंगांस रान, आणि रानाच्या पोटात घडीघडीने उतरत गेलेली भाताची खाचरे. तेथे आजही औत दिसते, गुडघाभर चिखलात उभी राहून लावणी करणाऱ्या बायका दिसतात, आणि मधूनमधून गवत माजलेले, पडीक टाकलेले एखादे खाचरही दिसते.

असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे. ‘लहान शेतकरी जुन्या वळणाचा असतो, त्याला नवे नको असते,’ हे उत्तर आपण पुष्कळदा ऐकतो. ते आम्हांस पटत नाही. का पटत नाही, हे थोड्या हिशेबाने दाखविण्याचा विचार आहे. तरी वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसावे.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेऊ. या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पुरे झाले आणि सुपा हे जुने गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. तालुक्याचा बहुतेक भाग जंगल आहे. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. २०१५ पासून त्याला काळी व्याघ्रप्रकल्प असे नाव आहे. शेतीसाठी उरते ती डोंगरांमधली दरी, ओढ्याकाठची चिंचोळी जमीन. गुंद, उळवी या बाजूस सुपारीच्या बागा आहेत. अन्यत्र मुख्य पीक भात, आणि कुणबी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली सुरण, कणगी, अळकुड्या अशी कंदपिके. या कंदांचा मेळा जोयड्यास भरतो व तेथे शहरातील माणसेही हौसेने येतात. पाऊस पश्चिमेकडे कॅसलरॉकच्या बाजूस अतोनात आणि पूर्वेकडे येता येता कमी.

‘लहान’ आणि ‘मोठा’ शेतकरी म्हणजे कोण, हेही निश्चित केले पाहिजे. आपल्या देशाच्या कृषिगणनेत एक हेक्टरहून कमी जमीन असणारा तो अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक, आणि दहा हेक्टर किंवा अधिक जमीन असणारा तो मोठा, असे धरले आहे. २०१५-१६ च्या गणनेत भारतातील सरासरी धारणा १.०८ हेक्टर भरली, आणि शंभरांतील सुमारे ८६ खातेदार पहिल्या दोन वर्गांत पडले. जोयड्यातील दरीत मात्र चार-पाच एकर भातजमीन असली तरी तो माणूस मोठा म्हणवतो. म्हणून येथे मोठेपणा मोजावयाचा तो शेजाऱ्याच्या मानाने.

आता यंत्राकडे वळू. लहान शेतकरी नवे स्वीकारीत नाही या म्हणण्याला आपल्याच सीमाभागातील एक प्रसिद्ध दाखला नेहमी जोडला जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान होते. तेथेच त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, तिला विष होते, अशी समजूत असल्यामुळे पहिले नांगर दीर्घकाळ विक्रीवाचून पडून राहिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आपण ती ऐकतो आणि शेतकऱ्याच्या भोळेपणास हसतो. परंतु गोष्टीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. १९१० नंतर किर्लोस्करवाडीचा नांगर गावोगाव पसरला. म्हणजे समजूत खरोखर एवढी बळकट नव्हती. शिवाय हा जड नांगर खोल जाई, हरळी मुळासकट उपटी, पण तो ओढण्यास दोन वा अधिक बैलजोड्या लागत. ज्याच्या गोठ्यात एकच जोडी त्याने तो घेऊन करावे काय? तेव्हा ‘लोखंडाने जमीन नासते’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या मनात ‘आमच्या बैलांना हा ओढवणार नाही’ हा विचार नसेलच असे आम्ही म्हणणार नाही.

उलट बाजूचे दाखले तर आपल्या डोळ्यांसमोर आहेत. भात सडण्याची गिरणी आली तेव्हा उखळ-मुसळ टाकून देण्यास कोणाला व्याख्यान द्यावे लागले नाही. पहाटे उठून कांडण करणाऱ्या घरच्या बाईला जो विसावा मिळाला, त्यापुढे दळणवळणाचा त्रास काहीच नव्हता. ओढ्यावरचा लहान पंप, पाठीवरचा फवारा, गवत कापण्याचे खांद्यावर अडकविण्याचे यंत्र, सुपारी सोलण्याचे यंत्र, ही सर्व दोन-तीन एकरांच्या बागाईतदारांनीही घेतली. सुपारीला पावसाळ्यात कोळेरोग लागतो आणि त्यावर बोर्डो मिश्रण फवारावे लागते. उंच झाडावर चढणारा माणूस मिळेनासा होताच जमिनीवर उभे राहून फवारता येईल अशी हलकी लांब काठी अलीकडे बागांत आली. यांतील प्रत्येक वस्तू एका माणसास उचलता येते, पायवाटेने नेता येते, आणि वर्षातून अनेक दिवस उपयोगी पडते. गिरणी तेवढी उचलता येत नाही. पण तेथे धान्यच यंत्राकडे जाते. खाचर यंत्राकडे जाऊ शकत नाही. सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

भातशेतीच्या नांगरटीसाठी आणि चिखलणीसाठी दोन यंत्रे प्रचारात आहेत. ट्रॅक्टर हे पहिले. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशर कंपनीने १९५९ साली बाहेर काढला, आणि आज संख्येने जगात सर्वांत जास्त ट्रॅक्टर भारतात बनतात. दुसरे यंत्र म्हणजे पॉवर टिलर. हे दोन चाकांचे असून शेतकरी त्याच्या मागून दांडे धरून चालतो. त्याचा प्रसार प्रथम जपानात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे कुळांस जमिनी मिळाल्या. सरासरी शेत एका हेक्टरच्या आसपास, वाफे लहान आणि चिखलाचे. मोठे यंत्र तेथे निरुपयोगी होते. म्हणून तेथील कारखानदारांनी यंत्रच शेताएवढे लहान केले, आणि १९५५ ते १९६५ या दशकात लाखो जपानी शेतकऱ्यांनी ते घेतले. १९६७ साली बंगळूरात व्ही. एस. टी. टिलर्स ही कंपनी जपानच्या मित्सुबिशीच्या साहाय्याने निघाली व हे यंत्र कर्नाटकात बनू लागले. जोयड्याच्या खाचरास योग्य असे यंत्र कोणते, असे विचारल्यास आम्ही हेच नाव घेऊ. मग ते घरोघर का नाही?

येथे हिशेब येतो. पुढील आकडे सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे आकडे घालून पाहावेत. टिलरची किंमत दोन लाख रुपये समजू आणि तो दहा वर्षे टिकेल असे धरू. वर्षाचा घसारा वीस हजार. गुंतलेल्या पैशावर, सरासरीने एक लाखावर, आठ टक्के व्याज धरले तर आठ हजार. म्हणजे डिझेलचा थेंब न घालता, यंत्र नुसते पडवीत उभे ठेवले तरी वर्षाला अठ्ठावीस हजार रुपये खर्च झाला. आता दोन एकरांचा शेतकरी घ्या. एका एकराच्या नांगरटीस व चिखलणीस मिळून आठ तास लागले तर त्याचे वर्षाचे काम सोळा तासांचे. अठ्ठावीस हजारांस सोळांनी भागा: तासास १,७५० रुपये! हेच यंत्र तशाच दहा घरांनी मिळून वापरले तर काम १६० तास आणि दर तासास १७५ रुपये. पंचवीस घरांनी वापरले तर ४०० तास आणि दर ७० रुपये. ट्रॅक्टरचा हिशेब याहून कठोर आहे. तो परवडावयाचा तर वर्षाकाठी सुमारे एक हजार तास काम मिळाले पाहिजे, असे बँका कर्ज देताना साधारणपणे धरतात.

अर्थशास्त्राच्या पुस्तकातील धडा येथे संपतो, आणि उत्तर मिळाल्यासारखे वाटते: यंत्र विकत घेऊ नये, भाड्याने घ्यावे किंवा संघाने घ्यावे. उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे जोयड्याचा पाऊस सांगतो.

खते, बियाणे ही एकाच वेळी सर्वांना वाटता येतात. दहा घरांनी दहा पोती वाटून घेतली तर कोणी कोणासाठी थांबत नाही. यंत्राचे तास मात्र एकामागून एक वाटावे लागतात, आणि जून महिन्यात सर्वांना ते एकदमच हवे असतात. मृगाचा पाऊस पडला, तरवा टाकला, की तीन-चार आठवड्यांत रोप लावणीस येते. खाचरात पाणी साचून चिखलणी होणे आणि रोप योग्य वयाचे असणे या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. रोप वाफ्यातच जून झाले तर लावणीनंतर फुटवे कमी फुटतात आणि उत्पन्न बसते. आता आपल्या दहा घरांकडे परत या. प्रत्येक घराचे काम सोळा तासांचे, म्हणजे दिवसाला आठ तासांप्रमाणे दोन दिवसांचे. पहिल्या घराचे काम दुसऱ्या दिवशी संपेल; दहाव्या घराचे विसाव्या दिवशी. पंचवीस घरे असतील तर शेवटचे घर पन्नासाव्या दिवशी मोकळे होईल, आणि तोवर भाताची वेळ निघून गेलेली असेल. तासाचा दर सत्तर रुपयांवर आला खरा, पण तो कोणाच्या पिकाच्या जिवावर?

याच्याशी घरची बैलजोडी ताडून पाहा. एक जोडी दिवसाला अर्धा एकर नांगरते असे धरले तर दोन एकरांस चार दिवस, आणि तीन वेळा फिरवावयाचे तर बारा दिवस. टिलर हेच काम दोन दिवसांत करतो. तथापि बैल पहिल्या दिवशी सकाळी जू खांद्यावर घेऊन निघतात. बाराव्या दिवशी बैलवाल्याचे शेत तयार झाले, त्याच दिवशी टिलरच्या सहाव्या पाळीचे घर मोकळे झाले. सातव्या पाळीपासून पुढे मात्र संथ बैल वेगवान यंत्राच्या पुढे आहेत! जो शेतकरी यंत्र भाड्याने मिळत असूनही गोठ्यातील जोडी विकत नाही, तो हा हिशेब कागदावर मांडीत नसेल, पण तो त्याच्या मनात पक्का असतो. आपली पाळी कितवी लागेल हे त्याला ठाऊक नसते. बैल हा त्याचा विमा आहे.

आणि पाळी कशी लागते? यंत्र ज्याचे, त्याचे शेत प्रथम. हे स्वाभाविक आहे. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. मग त्याचे नातलग, मग ज्याचे काम मोठे आणि रस्त्याला लागून आहे तो, कारण तेथे वाहतुकीत वेळ मोडत नाही. पाच गुंठ्यांच्या तीन तुकड्यांसाठी दरीत उतरणे कोणाही यंत्रवाल्यास जिवावर येते. मोठा शेतकरी यंत्र घेतो तेव्हा तासांबरोबर पहिली पाळीही विकत घेतो. लहान शेतकऱ्यास भाड्याने तास मिळतात, पाळी मिळत नाही. आमच्या मते लहान आणि मोठ्या शेतकऱ्यांमधील खरा भेद येथे आहे. जुन्या आणि नव्या वळणात तो शोधणे व्यर्थ होय.

पूर्वी या अडचणीवर गावाने उपाय काढलेच होते. सावड म्हणजे आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. वारंगुळा म्हणजे एकेक बैल असणाऱ्या दोघांनी मिळून औत जुंपणे. या शब्दांना भाडे हा अर्थ नाही, पाळी हाच अर्थ आहे. परंतु सावडीला माणसे लागतात. जोयड्यातील तरुण गोव्यात, बेळगावात, दांडेलीस कामास जातो. गुरे वळावयास घरी कोणी नसते. रानात चराईवर निर्बंध आहेत. गुरांची संख्या घटली की शेणखत घटते, आणि टिलर कितीही चांगला असला तरी शेण देत नाही, ही साधी गोष्ट यंत्राच्या हिशेबात बहुधा विसरली जाते. तेव्हा बैल गेले आणि यंत्राची पाळी आली नाही, अशा मधल्या अवस्थेत काही घरे सापडतात. ती खाचर पडीक टाकतात. दरीतील एक खाचर पडीक पडले की त्याचा बांध फुटतो, खालच्याचे पाणी बिघडते, वाढलेल्या झुडपांत रानडुकरे लपतात आणि शेजारच्या उभ्या पिकावर उतरतात. एका घराची नांगरट चुकली तर नुकसान एकाच घराचे होत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. कर्नाटकात २०१४-१५ पासून ‘कृषी यंत्रधारे’ नावाची भाडेकेंद्रे होबळी पातळीवर उघडण्यात आली आणि तेथे ठरावीक दराने यंत्रे मिळतात. योजना चांगली आहे. सपाट प्रदेशात होबळीचे केंद्र म्हणजे आसपासची गावे. जोयड्यात मात्र ते घाटवळणांपलीकडचे ठिकाण असते. टिलर स्वतःच्या चाकांवर सावकाश येणार किंवा टेम्पोत घालून आणावा लागणार. अर्ध्या एकराच्या नांगरटीपेक्षा आणण्या-नेण्याचाच खर्च जड. खरेदीसाठी अनुदानही आहे: सर्वसाधारण शेतकऱ्यांस पन्नास टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींस बऱ्याच अवजारांवर नव्वद टक्क्यांपर्यंत. येथे एक वैचित्र्य लक्षात घेण्यासारखे आहे. सीमेपलीकडे गोव्यात कुणबी समाजास २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. जोयड्यातील कुणबी समाज हीच मागणी अनेक वर्षे करीत आला आहे. डोंगर तोच, शेती तीच, सीमारेषा मात्र मध्ये. शिवाय अनुदानास पहाणीवर नाव लागते. पहाणी आजोबांच्या नावाची, वाटणी तोंडी झालेली, हिस्सेदार चार गावांत पसरलेले, किंवा जमीन जंगलखात्याच्या हद्दीत धरली गेलेली असेल, तर अर्जच पुढे सरकत नाही. चिखलात उभी राहणारी बाई तर पहाणीवर क्वचितच असते.

कापणी-मळणीविषयी थोडेसेच लिहितो. चिखलात चालणारी पट्ट्याची मोठी कापणी यंत्रे आता जेथे पोचतात तेथे शेतकरी ती आनंदाने बोलावतात. लहान खाचरात ती वळत नाहीत. आणि त्यांतून पेंढा तुटून विखुरतो, तो गोळा करणे कठीण. ज्याच्याकडे गुरे आहेत त्याला पेंढा म्हणजे चार महिन्यांची वैरण, म्हणून त्याला पायाने फिरविण्याचे किंवा लहान मोटरीचे मळणीयंत्र अधिक मानवते. ते दोघांना उचलून खळ्यावर नेता येते.

शेवटी वाटेचा प्रश्न उरतो, आणि आमच्या मते यंत्राच्या किमतीपेक्षाही तो मोठा आहे. घडीघडीच्या दरीत बहुतेक खाचरांना स्वतःची वाट नसते. औत बांधावरून चढते, बैल पाऊल जपून टाकतात; टिलरला मात्र शेजाऱ्याच्या खाचरातून जावे लागते. शेजाऱ्याने लावणी उरकली असेल तर वाट बंद! म्हणून यंत्राने काम करावयाचे असेल तर रस्त्यापासून सर्वांत दूरच्या खाचरापासून आरंभ करून मागे सरकत रस्त्याकडे यावे लागते, आणि रस्त्यालगतच्या शेतकऱ्याने आपली लावणी सर्वांत शेवटी करण्यास राजी झाले पाहिजे. तरवाही त्याच क्रमाने, दोन-दोन दिवसांच्या अंतराने टाकावा लागतो. म्हणजे दहाव्या घराचे रोप दहाव्या पाळीस नेमके वयात येईल, जून होणार नाही. हा क्रम मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी, दरीतील सर्व घरांनी एकत्र बसून ठरवावा लागेल. त्याच बैठकीत बांधाच्या कडेने चार फुटांची पाणंद सोडण्याचा प्रश्न येईल. शंभर फूट लांबीच्या खाचरातून चार फुटांची पट्टी म्हणजे चारशे चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून कमी जमीन. कोणाच्या खाचरातून ती किती जावी, आणि गेलेल्या जमिनीचे भात त्याला बाकीच्यांनी कसे भरून द्यावे, हे त्या दरीतील माणसांनाच ठरविता येईल.